मेंदू संशोधनात कमी दिसणाऱ्या गटांतल्या तरुणांना साथ कशी द्यायची: नव्या मेंटॉरसाठी (मार्गदर्शकासाठी) पायरीपायरीने

तुम्ही पोस्टडॉक (पीएचडीनंतर कुणाच्या तरी लॅबमध्ये संशोधन करणारे) असाल, पीएचडीच्या शेवटच्या टप्प्यात असाल किंवा नुकतीच स्वतःची लॅब सुरू केली असेल, आणि तुमच्याकडे पहिल्यांदाच अशा गटातला कुणी शिकायला येतोय ज्या गटाची माणसं न्यूरोसायन्समध्ये फारशी दिसतच नाहीत, तर हे तुमच्यासाठी लिहितोय. गट कुठला ते देशागणिक बदलतं, कुठे वंश, कुठे मूळनिवासी समाज, कुठे धर्म किंवा भाषा, कुठे अपंगत्व, कुठे घरातलं कॉलेजला गेलेलं पहिलंच पोर. अडचणी मात्र बऱ्याचशा सारख्याच निघतात.

माझं म्हणणं थोडक्यात आधीच सांगतो. लॅबमधल्या कितीतरी गोष्टी कुणी कुणाला सांगत नाही, ज्याच्या घरात किंवा ओळखीत संशोधक आहेत त्याला त्या आपोआप कळतात आणि बाकीच्यांना कळत नाहीत, आणि मग त्यांचं ते न कळणं "तयारी कमी आहे" म्हणून मोजलं जातं. त्यामुळे तुमचं काम दोन भागांत. न सांगितलेलं सगळं वेळेआधी सांगायचं, शक्यतो लिहून. आणि जिथे निर्णय होतात, म्हणजे ग्रँट (संशोधनाचा निधी), ऑथरशिप (पेपरवर लेखक म्हणून नाव), नोकरी, तिथे त्यांचं नाव स्वतः घ्यायचं. प्रेमाने वागणं वगैरे ठीकच, ते तर हवंच, पण तेवढ्याने करिअर उभं राहत नाही.

आधी हे माहीत असू द्या

अमेरिकेतल्या एनआयएचच्या, म्हणजे आरोग्य संशोधनाला पैसे देणाऱ्या सरकारी संस्थेच्या, मोठ्या संशोधन ग्रँटवर डोना गिंथर आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये सायन्स जर्नलमध्ये अभ्यास छापला होता, त्यात शिक्षण, ट्रेनिंग, आधीचे पेपर हे सगळं हिशोबात धरूनसुद्धा कृष्णवर्णीय अर्जदारांना ग्रँट मिळायची शक्यता गोऱ्यांपेक्षा १० टक्के पॉइंटने कमी निघाली. नंतर २०१९ मध्ये एनआयएचच्याच लोकांनी बघितलं तर त्या फरकाचा २० टक्क्यांहून जास्त भाग विषयाच्या निवडीशी जोडलेला होता, म्हणजे समाजाच्या, लोकांच्या आरोग्याच्या पातळीवरचे विषय घेणाऱ्यांना एकूणच पैसे कमी मिळत होते आणि कृष्णवर्णीय संशोधक तेच विषय जास्त घेत होते.

दुसरं, २०२० मध्ये पीएनएएस या जर्नलमध्ये आलेला एक अभ्यास, अमेरिकेतल्या कित्येक दशकांच्या पीएचडी थीसिसवरचा. कमी संख्येच्या गटांतले संशोधक नव्या कल्पना जास्त आणतात पण त्या कल्पना बाकीचे कमी उचलतात, असं त्यात दिसलं. हे दोन्ही मी सुरुवातीलाच सांगतोय कारण नव्या मेंटॉरच्या डोक्यात नकळत असं असतं की या पोराला आपण वर आणायचंय, त्याच्यात काहीतरी भरायचंय. भरायचं कमी असतं हो. जे आहे ते मोजलं जात नाही, ही मोठी अडचण आहे, आणि मोजणाऱ्यांमध्ये तुम्ही पण आहात.

पायरी १: पैशाचं आधी बघा

बिनपगारी "अनुभवासाठी या" ही ऑफर बंद करा. ज्याला फी भरायला किंवा घरी पैसे पाठवायला नोकरी करावी लागते तो फुकटात उन्हाळाभर तुमच्या लॅबमध्ये येऊ शकत नाही, मग ज्यांच्या घरी पैसा आहे तेच येतात, पुढे अर्जावर "रिसर्चचा अनुभव" त्यांच्याकडेच दिसतो आणि आपण म्हणतो बघा हे किती तयार आहेत. गाळणी तिथेच लागलेली असते. थोडेच तास परवडत असतील तर थोडेच तास द्या, पण पगारी द्या.

पगार कधी जमा होणार ते पण विचारून ठेवा आणि आधीच सांगा. बऱ्याच संस्थांत पहिला पगार यायला वेळ लागतो, नवीन शहरात घराचं डिपॉझिट मात्र पहिल्याच दिवशी भरावं लागतं. संस्थेकडे ॲडव्हान्सची सोय असते पण ती विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही, तर ते विचारायचं काम तुमचं, विद्यार्थ्याचं नाही.

जाहिरात लिहिताना "पायथॉन, पॅच क्लॅम्प (एकेका पेशीची वीज मोजायची पद्धत), इमेजिंगचा अनुभव हवा" असं सगळं टाकून देऊ नका. जे लॅबमध्ये शिकवता येतं ते अट म्हणून ठेवायचं कशाला? आणि कोण घ्यायचं ते ठरवताना सगळ्यांना तेच प्रश्न, त्याच क्रमाने विचारा, गप्पांमध्ये जुळलं म्हणून घेतलं असं केलं की आपण आपल्यासारखाच माणूस निवडतो.

पायरी २: पहिल्या आठवड्यात लिहून द्या

दोन-तीन पानांचं लॅबचं कागदपत्र करा, साध्या भाषेत. किती वाजता यायचं अपेक्षित आहे आणि खरंच किती वाजता लोक येतात, सुट्टी कुणाला सांगायची, रात्री ११ ला तुमचा मेल आला तर उत्तर लगेच द्यायचं का (नाही द्यायचं असं स्पष्ट लिहा), रात्री एकट्याने लॅबमध्ये काम करायचं का, सामान मागवायचं तर कुणाला विचारायचं, सर्व्हरचं अकाउंट कोण काढून देतं. प्राण्यांवर काम असेल तर ट्रेनिंग आणि परवानगीच्या कागदांना कित्येक आठवडे जातात, ते काम विद्यार्थी यायच्या आधीच सुरू करा, नाहीतर अर्धा उन्हाळा बसून जातो.

त्यात एक भाग "बिघडलं तर काय" असा असू द्या. सर्जरीत उंदीर गेला तर कुणाला सांगायचं, काय नोंदवायचं. ब्रेन स्लाइस खराब झाल्या तर. हार्ड डिस्कवरचा डेटा उडाला तर. ज्याला वाटतं की आपण इथे आधीच संशयाखाली आहोत तो चूक लपवायला बघेल किंवा चुकीच्या भीतीने हातच लावणार नाही, त्याला कागदावर दिसलं की इथे चुका होतात आणि त्या सांगायची पद्धत आहे, तर तो मोकळा होतो.

आणि सुरुवातीचा काळ किती कठीण असतो ते आकड्यात सांगा. पॅच क्लॅम्प शिकणाऱ्याला कित्येक दिवस एक चांगलं सील (काचेची नळी पेशीला घट्ट चिकटणं) मिळत नाही, सगळ्यांचंच असं होतं, पण नवीन पोराला वाटतं माझंच काहीतरी चुकतंय, मी इथला नाही. लॅबमधल्या जुन्या लोकांच्या सुरुवातीच्या महिन्यांच्या वह्या उघडून दाखवा, किती सेल्स (पेशी) गेल्या आणि किती टिकल्या. त्यासारखा धीर देणारा कागद दुसरा नाही.

पायरी ३: प्रोजेक्ट कुठला द्यायचा

इथे मी जरा जास्त थांबणार आहे कारण सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं आणि ते कुणाच्या लक्षातही येत नाही.

नेहमीचं असं होतं की नवीन मुलीला इमेजेस देतात, यात सेल्स मोज म्हणतात, आणि ती वर्षभर सेल्स मोजते. कामाची आहे, नीट मोजते, म्हणून पुढचा सेट पण तिलाच. तिच्याबरोबर आलेल्या दुसऱ्या पोराने मात्र "मला टू-फोटॉन (जिवंत मेंदूत खोलवर बघणारा मायक्रोस्कोप) शिकायचंय" म्हणून हट्ट धरला, कारण त्याला माहीत होतं की असा हट्ट धरायचा असतो. दोन वर्षांनी त्याच्याकडे प्रश्न आहे, पद्धत आहे, पेपरात घालायची फिगर (आकृती) आहे. तिच्याकडे एक्सेलची शीट आहे. दोघांच्या बुद्धीत काही फरक नव्हता.

म्हणून दोन गोष्टी बरोबर द्या. एक छोटं काम जे नक्की संपेल आणि ज्यातून एक स्वतःची फिगर निघेल, आणि एक मोठा प्रश्न ज्यात जोखीम आहे. उन्हाळ्याच्या आठ-दहा आठवड्यांसाठी कुणी येत असेल तर नवीन प्रयोग सुरू करायच्या भानगडीत पडू नका, तयार उघडा डेटा घ्या. ॲलन इन्स्टिट्यूटचा उंदरांच्या व्हिज्युअल कॉर्टेक्सचा (मेंदूतल्या बघण्याच्या भागाचा) डेटा सगळ्यांसाठी खुला आहे, ह्यूमन कनेक्टोम प्रोजेक्टने सुमारे १,२०० तरुण प्रौढांचे मेंदूचे स्कॅन उपलब्ध करून दिलेत, ओपनन्यूरो या खुल्या साइटवर कितीतरी एफएमआरआय (मेंदूचं काम दाखवणारे स्कॅन) आणि ईईजीचे (डोक्यावरून मोजलेल्या मेंदूच्या विजेचे) सेट पडलेत. त्यातला एक प्रश्न विद्यार्थ्याला स्वतः निवडू द्या. तुम्ही फक्त हे बघा की तो वेळेत संपेल.

विषयाचा मुद्दा वर आलाच होता. काहीजणांना आपल्या समाजाशी जोडलेलं काम करायचं असतं, म्हणजे ताण, गरिबी आणि मेंदूची वाढ, किंवा आपल्या लोकांमधला स्ट्रोक, डिमेन्शिया. त्यांना "हे बेसिक सायन्स नाही" म्हणून वळवू नका. पण उलटंही करू नका, म्हणजे तो अमुक समाजाचा आहे म्हणून त्याने त्याच समाजावर काम करावं असं गृहीत धरू नका, त्याला कदाचित गाणाऱ्या पक्ष्यांचा मेंदू बघायचा असेल. रॉकफेलर युनिव्हर्सिटीतले एरिक जार्व्हिस तेच करतात, हार्लेममध्ये वाढलेला कृष्णवर्णीय माणूस, आधी नाचायचा, आणि पक्ष्यांच्या आवाज शिकण्यावर जगात ज्यांचं नाव घेतलं जातं त्यातले ते एक. विचारा, ऐका, मग ठरवा.

पायरी ४: दर आठवड्याची भेट आणि फीडबॅक

आठवड्यातून एकदा ठरलेल्या वेळी अर्धा तास, रद्द करायची नाही. "दार उघडंच आहे, कधीही ये" हे ऐकायला छान वाटतं पण दारात जाऊन उभं राहायला ज्यांना आधीपासून धीर आहे तेच येतात. त्या अर्ध्या तासात काम तर बोलाच, महिन्यातून एकदा मात्र काम बाजूला ठेवून पुढचं बोला: पुढच्या वर्षी कुठे अर्ज, कुठली पद्धत शिकायची राहिली, पेपर कधी.

फीडबॅकचं सांगतो. १९९९ मध्ये जेफ्री कोहेन, क्लॉड स्टील आणि ली रॉस यांनी स्टॅनफर्डमध्ये प्रयोग केला होता, विद्यार्थ्यांच्या लेखनावर कडक टीका द्यायची, काहींना नुसती टीका, काहींना टीकेबरोबर दोन वाक्यं की आमचे निकष उंच आहेत आणि तू ते गाठशील असं तुझं काम बघून वाटतं. कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांवर या दोन वाक्यांचा परिणाम मोठा होता, टीका पक्षपाती आहे असं वाटणं कमी झालं आणि पुन्हा लिहायची इच्छा वाढली. तर टीका गोड करू नका. गुळमुळीत "छान आहे, चालेल" म्हणून सोडून देणं हा मला तरी सगळ्यात वाईट प्रकार वाटतो, बाहेर कॉन्फरन्समध्ये कुणीतरी त्याच चुकीवर सोलून काढतं आणि मेंटॉर म्हणतो मला दुखवायचं नव्हतं. पूर्ण टीका द्या, आणि ती का देताय ते सांगा.

कोडिंग कच्चं असेल तर न्यूरोमॅच अकॅडमी सांगा. २०२० च्या जुलैमध्ये ऑनलाइन सुरू झाली, तीन आठवड्यांचा कॉम्प्युटेशनल न्यूरोसायन्सचा कोर्स, सगळं शिकवायचं साहित्य फुकट उघडं आहे आणि फी देशाप्रमाणे कमीजास्त असते, माफही होऊ शकते. ते तीन आठवडे कामाचे तास म्हणून धरा, म्हणजे पगार कापू नका.

पायरी ५: तुमची उपकरणं आणि पद्धती तपासा

हे मेंदू संशोधनातलंच खास, बाकी विषयांत एवढं येत नाही.

ईईजीच्या नेहमीच्या टोप्या सरळ, पातळ केस धरून बनवल्यात. दाट कुरळ्या केसांत इलेक्ट्रोड त्वचेपर्यंत पोचत नाही, सिग्नल खराब येतो, आणि मग प्रयोगात भाग घेणारे असे लोक "डेटा क्वालिटी" म्हणून वगळले जातात. कार्नेगी मेलन युनिव्हर्सिटीत आर्नेल एटिएन या विद्यार्थिनीने, तिथल्या टीमबरोबर, केसांच्या घट्ट वेण्या घालून त्यांच्या मधल्या पट्टीत बसणारे क्लिपसारखे इलेक्ट्रोड बनवले, सेवो नावाचे. मेंदूतल्या रक्तप्रवाहाचा अंदाज प्रकाशाने घेणारं निअर-इन्फ्रारेड तंत्र पण तसंच, मेलॅनिन (त्वचेतला रंग) आणि गडद केस प्रकाश शोषतात, त्यामुळे गडद त्वचेवर सिग्नल कमी मिळतो.

आता विचार करा, तुमच्या लॅबमध्ये नवीन आलेल्या मुलीला पहिल्याच दिवशी तुम्ही सांगता की पायलटसाठी (प्रयोगाच्या आधीच्या चाचणीसाठी) तूच टोपी घालून बस, आणि टोपी बसत नाही, सगळे तिच्या केसांबद्दल बोलायला लागतात. हे टाळणं सोपं आहे. आधी विचारा, पायलटला बसणं ऐच्छिक ठेवा, केसांबद्दल सूचना भाग घेणाऱ्या सगळ्यांना आधी पाठवा, सेशनला जास्त वेळ ठेवा, आणि वगळण्याचे निकष कुणाला बाहेर ढकलतात ते मोजा. हा प्रश्न तिला पुढे सोडवायचा असेल तर तोच प्रोजेक्ट होऊ शकतो, पण पुन्हा तेच, ठरवू दे तिला.

मानवी ऊतींवर काम असेल तर तेही आधी विचारून घ्या. अमेरिकेतल्या नवाहो या मूळनिवासी समाजाच्या परंपरेत मृतदेहाला स्पर्श टाळतात, अशा समाजातून आलेल्या विद्यार्थ्याला पोस्टमॉर्टेम मेंदूच्या कामावर न विचारता लावलं तर तो नाही म्हणू शकणार नाही आणि राहूही शकणार नाही. उपवास, प्रार्थनेच्या वेळा, सणाच्या सुट्ट्या यांच्याशी लांब चालणाऱ्या रेकॉर्डिंगची वेळ जुळवता येते, फक्त आधी बोलावं लागतं. व्हीलचेअर वापरणाऱ्यासाठी टेबलाची आणि मायक्रोस्कोपची उंची, कानाने कमी ऐकणाऱ्यासाठी लॅब मीटिंगला कॅप्शन, हे लहान खर्च आहेत, तो यायच्या आधी करा, आल्यावर मागायला लावू नका.

आणि इतिहास वाचा. अमेरिकेतल्या ग्रँड कॅनियनमधल्या हवासुपाई या मूळनिवासी लोकांनी १९९० पासून ॲरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीच्या संशोधकांना रक्ताचे नमुने दिले ते मधुमेहाच्या अभ्यासासाठी म्हणून, पुढे तेच नमुने स्किझोफ्रेनियासारख्या विषयांसाठी त्यांना न कळवता वापरले गेले. खटला झाला, २०१० मध्ये युनिव्हर्सिटीने सात लाख डॉलर देऊन तडजोड केली आणि उरलेले नमुने परत केले. मूळनिवासी समाजातून आलेली मुलगी तुमच्या लॅबमध्ये बसून जेनेटिक्सच्या डेटाबद्दल गप्प राहते तेव्हा तिला विषय कळला नाही असं समजू नका, तिच्या घरी हा विषय वेगळा बोलला जातो.

पायरी ६: नाव कुणाचं

सॉलोमन कार्टर फुलर, लायबेरियात जन्मलेले, अमेरिकेतले पहिले कृष्णवर्णीय मानसोपचारतज्ज्ञ मानले जातात. १९०४ मध्ये म्युनिकला जाऊन अलॉइस अल्झायमर यांच्या लॅबमध्ये काम केलं, अल्झायमर आजारावरचं सुरुवातीचं मोलाचं लेखन इंग्रजीत आणलं. बॉस्टन युनिव्हर्सिटीत न्यूरोलॉजी विभाग प्रत्यक्षात तेच चालवत होते पण विभागप्रमुख हे पद त्यांना दिलंच नाही, पगारही कमी, आणि १९३३ मध्ये एका कनिष्ठ गोऱ्या सहकाऱ्याला प्रमुख केल्यावर ते निवृत्त झाले. काम एकाचं आणि पद दुसऱ्याचं, हे आजही लहान प्रमाणात रोज होतं.

त्यामुळे ऑथरशिप प्रयोग सुरू व्हायच्या आधी बोला. कशाने पहिला लेखक, कशाने मधला, कशाने फक्त आभार, लिहून ठेवा आणि काम बदललं की पुन्हा बोला. क्रेडिट नावाची १४ भूमिकांची यादी आहे, डेटा गोळा करणं, कोड, ॲनालिसिस, लेखन वगैरे, बरेच जर्नल ती मागतात, तर ती शेवटी भरायच्या ऐवजी सुरुवातीलाच समोर ठेवा. लॅब मीटिंगमध्ये कुणी मांडलेली कल्पना दहा मिनिटांनी दुसऱ्याच्या तोंडून आली आणि सगळ्यांनी मान हलवली, तर तिथल्या तिथे म्हणा, "हे मघाशी तिने सांगितलं होतं, तिलाच पुढे बोलू द्या." एवढंच.

तुमच्या पेपरमधल्या संदर्भांकडे पण बघा. न्यूरोसायन्सच्या पाच मोठ्या जर्नलवर २०२० मध्ये नेचर न्यूरोसायन्समध्ये अभ्यास आला होता, स्त्रियांनी पुढे राहून केलेल्या पेपर्सना अपेक्षेपेक्षा कमी संदर्भ मिळतात आणि हा फरक मुख्यतः पुरुषांच्या संदर्भयाद्यांमधून येतो. विद्यार्थ्याला वाचायला देता त्या यादीत कोण आहेत हा प्रश्न त्यानंतर आपोआप पडायला हवा.

पायरी ७: एकटं ठेवू नका

बाल्टिमोरजवळच्या यूएमबीसी युनिव्हर्सिटीत मेयरहॉफ स्कॉलर्स प्रोग्राम १९८८ मध्ये सुरू झाला, फ्रीमन ह्राबोव्स्की यांनी उभा केला. कॉलेज सुरू व्हायच्या आधी एकत्र उन्हाळी शिबिर, मग गटाने अभ्यास, लवकर लॅबमध्ये शिरकाव, आणि पैशाची सोय. ड्यूक युनिव्हर्सिटीतले मेंदूतल्या विद्युत लयींवर काम करणारे काफुई झिरासा तिथूनच आले, पुढे पेन स्टेट आणि चॅपल हिलच्या (नॉर्थ कॅरोलिना) युनिव्हर्सिटीने हेच मॉडेल घेतलं. त्यातून घ्यायचं ते हे की एक हुशार पोर उचलून एकट्याला लॅबमध्ये टाकण्यापेक्षा दोघातिघांना बरोबर घेणं चांगलं. तुमची लॅब लहान असेल तर शेजारच्या लॅबशी मिळून करा.

बाहेरचे गट पण दाखवा. ब्लॅक इन न्यूरो हा कृष्णवर्णीय मेंदू संशोधकांचा गट २०२० मध्ये अँजेलिन ड्यूक्स या त्यावेळच्या पीएचडी विद्यार्थिनीने सुरू केला, आज जगभरचे लोक त्यात आहेत. १९७३ पासूनची साकनास ही संस्था लॅटिनो आणि मूळनिवासी संशोधकांसाठी. आफ्रिकेत ट्रेंड इन आफ्रिका लॅबचं सामान पोचवते, कोर्स घेते, कमी खर्चाची उपकरणं बनवायला शिकवते. ब्रेन सायन्समधल्या समानतेसाठी अल्बा नेटवर्क आहे. १९६१ ची आयब्रो ही आंतरराष्ट्रीय मेंदू संशोधन संघटना जगभर न्यूरोसायन्सच्या शाळा आणि प्रवासासाठी मदत देते. आणि सोसायटी फॉर न्यूरोसायन्सचा न्यूरोसायन्स स्कॉलर्स प्रोग्राम, दोन वर्षांचा, मेंटॉर आणि कॉन्फरन्सच्या खर्चासकट.

एक सांगायला हवं, २०२५ मध्ये अमेरिकेत एनआयएचचे अशा गटांसाठीचे बरेच प्रोग्राम बंद केले गेले, चालू ग्रँट पण थांबवल्या गेल्या. त्यामुळे जुन्या यादीवर विसंबून विद्यार्थ्याला अर्ज लिहायला बसवू नका, आधी अधिकृत पानावर यंदाची तारीख दिसते का बघा, तो प्रोग्राम सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याला (प्रोग्राम ऑफिसरला) मेल टाका, आणि नेहमीच्या सगळ्यांसाठीच्या फेलोशिपचा एक अर्ज बरोबरीने चालू ठेवा.

पायरी ८: कॉन्फरन्स, अर्ज, लेटर

तिकीट, हॉटेल, रजिस्ट्रेशन लॅबच्या कार्डावरून आधी भरा. "तू भर, नंतर परत मिळतील" यात ज्याच्या खात्यात पैसे नाहीत तो कॉन्फरन्सला जातच नाही आणि कारण सांगत नाही. व्हिसा लागणार असेल तर कित्येक महिने आधी पत्र काढा. सोसायटी फॉर न्यूरोसायन्सच्या वार्षिक मीटिंगला वीस हजारांच्या वर माणसं असतात, तिथे पोस्टर लावून एकटं उभं राहणं भीतीदायक असतं, तर आधीच दोन-तीन लोकांना मेल करून "हिच्या पोस्टरला या, हिने अमुक दाखवलंय" असं सांगा. ओळख करून देताना कामाने करून द्या, समाजाने नाही.

फेलोशिपच्या अर्जासाठी तुमचे स्वतःचे मंजूर झालेले आणि नाकारलेले दोन्ही अर्ज, रिव्ह्यूअरच्या शेऱ्यांसकट द्या. मंजूर अर्ज कसा दिसतो हे बऱ्याच जणांनी आयुष्यात पाहिलेलं नसतं, आणि काही जणांच्या मेंटॉरच्या ड्रॉवरमध्ये असे दहा पडलेले असतात.

रेकमेंडेशन लेटर. २००३ मध्ये मेडिकल फॅकल्टीसाठीच्या तीनशेहून जास्त लेटरचा अभ्यास झाला होता, स्त्रियांची लेटर छोटी होती आणि त्यात मेहनती, मन लावून काम करणारी असे शब्द जास्त होते. अशा शब्दांनी कुणाला नोकरी मिळत नाही. लिहा की त्याने कुठला प्रश्न मांडला, कुठली पद्धत उभी केली, कुठला निकाल त्याच्यामुळे मिळाला, लॅबमधल्या आजवरच्या लोकांत तो कुठे बसतो. "अनेक अडचणींवर मात करून" हे त्याने स्वतः सांगायचं ठरवलं असेल तरच, त्याच्या परवानगीने.

पायरी ९: काही वाईट घडलं तर

कुणीतरी उच्चारावरून, दिसण्यावरून बोलेल, सिक्युरिटीवाला रात्री त्यालाच अडवेल, कुणी म्हणेल की तू कोट्यातून आलास ना. पहिली गोष्ट, "त्याचा तसा अर्थ नसेल" हे वाक्य तोंडातून काढू नका. ऐकून घ्या, काय घडलं ते तारखेसकट लिहून ठेवायला सांगा, आणि विचारा की पुढे काय व्हावं असं वाटतं. तक्रार करायची, नुसतं बोलायचं, की त्या माणसापासून लांब राहायचं, निर्णय त्याचा. पण तुमच्या संस्थेत काही पदांवरच्या लोकांना काही प्रकार कळल्यावर वर कळवणं बंधनकारक असतं, ते तुम्हाला लागू होत असेल तर गोष्ट ऐकण्याआधीच सांगा, नंतर सांगितलं तर विश्वास गेला. तुमच्या समोर घडलं असेल तर तिथेच तुम्ही बोला, त्याच्यावर सोडू नका.

आणि त्याला प्रत्येक समितीवर, प्रत्येक फोटोत, प्रत्येक शाळाभेटीला बोलवणं थांबवा. अमाडो पाडिया यांनी १९९४ मध्येच याला सांस्कृतिक कर म्हटलं होतं, मोजक्या लोकांवर सगळ्या समाजाच्या प्रतिनिधित्वाचं ओझं टाकणं. ज्याला हे काम मनापासून करायचंय त्याला करू द्या, त्याचे तास मोजा आणि लेटरमध्ये लिहा. ज्याला नाही करायचं त्याच्या वतीने विभागाला नकार तुम्ही कळवा, म्हणजे वाईटपणा त्याच्याकडे जात नाही.

पायरी १०: जाताना

पोस्टडॉक किंवा पीएचडी संपत आली की बसून ठरवा तो काय बरोबर नेणार. कुठला प्रश्न त्याचा, उंदरांच्या कुठल्या लाइन्स (खास तयार केलेल्या जाती), कुठला कोड, कुठला डेटा, आणि त्या विषयावर तुमची लॅब पुढे किती वर्षं हात लावणार नाही. तोंडी नको, मेलवर लिहून ठेवा, कारण नव्या लॅबच्या पहिल्या ग्रँटमध्ये रिव्ह्यूअर हमखास विचारतो की हे काम तुझं की तुझ्या जुन्या बॉसचं. सुरुवातीच्या पगाराची आणि स्टार्टअप पैशांची (नवी लॅब उभारायला संस्था देते त्या पैशांची) बोलणी कशी करायची ते शिकवा, तुम्हाला किती मिळाले होते तो आकडा सांगा, संस्थेने पहिल्यांदा दिलेला आकडा शेवटचा नसतो हे कित्येकांना कुणी सांगितलेलंच नसतं.

जो विद्यार्थी मध्येच सोडून इंडस्ट्रीत, डेटा सायन्समध्ये किंवा शिकवायला गेला त्यालाही लेटर द्या, त्याच्या पेपरवरचं नाव काढू नका, आणि अर्धवट राहिलेला पेपर कोण पूर्ण करणार ते तो जायच्या आधीच ठरवा, नाहीतर तो डेटा फोल्डरमध्ये पडून राहतो आणि त्याच्या दोन वर्षांच्या कामाचा कुठेच पत्ता लागत नाही.